विभाजकांचे रेकॉर्ड मोडणाऱ्या संख्यांची यादी स्वतः कशी काढायची

१ पासून मोजायला लागा आणि प्रत्येक संख्येपुढे तिला किती विभाजक आहेत ते लिहीत जा. १ ला एक, २ ला दोन, ३ ला दोन, ४ ला तीन, ५ ला दोन, ६ ला चार. आता ज्या संख्येचा आकडा आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा असेल तिला गोल करा. गोल केलेल्या संख्या अशा येतात: १, २, ४, ६, १२, २४, ३६, ४८, ६०, १२०, १८०, २४०, ३६०, ७२०, ८४०, १२६०, १६८०, २५२०, ५०४०... यांना हायली कंपोझिट नंबर म्हणतात, आणि रामानुजन यांनी १९१५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये यांच्यावर मोठा पेपर लिहिला, त्याच कामावर १९१६ मध्ये केंब्रिजची बी.ए. मिळवली.

नेटवर यादी तयार मिळते हे खरं, पण कॉपी करून काही कळत नाही. स्वतः काढली की दिसतं की रेकॉर्ड कशाचं, बरोबरी चालते का, या दोन प्रश्नांवर अख्खी यादी बदलते, आणि पहिले पंधरा-वीस आकडे बघून "ही तीच यादी" असं म्हणणं किती धोक्याचं आहे. म्हणून खाली क्रमाने सांगतोय, वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा, शाळेतलं मूळ अवयव पाडणं आठवत असेल तर बाकी सगळं जमेल.

पायरी १: आधी रेकॉर्डची व्याख्या वहीवर लिहा

हे काम लोक टाळतात आणि मग पुढे घोळ होतो. तीन गोष्टी ठरवायच्या.

पहिली, मोजायचं काय. विभाजकांची संख्या मोजायची (हिला डी म्हणूया), की विभाजकांची बेरीज (हिला सिग्मा म्हणतात), की त्या बेरजेला त्याच संख्येने भागून येणारं गुणोत्तर. १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६, १२, म्हणजे डी ६, सिग्मा २८, गुणोत्तर २८ भागिले १२ म्हणजे साधारण २.३३. तिन्हींचे रेकॉर्ड वेगवेगळे.

दुसरी, बरोबरी झाली तर काय. ६ ला चार विभाजक आणि ८ लाही चारच. कडक नियम लावला तर ८ बाहेर. "कमी नसला म्हणजे झालं" असा नियम लावला तर ८ आत, १० पण आत, आणि यादी १, २, ३, ४, ६, ८, १०, १२, १८, २०, २४, ३०, ३६ अशी होते. ही वेगळी क्रमिका आहे, तिला लार्जली कंपोझिट म्हणतात.

तिसरी, तुम्ही स्थानं लिहिताय की मूल्यं. रेकॉर्ड कुठे झालं याची यादी १, २, ४, ६, १२, २४... आणि रेकॉर्ड किती झालं याची यादी १, २, ३, ४, ६, ८, ९, १०, १२, १६... दोन्ही खऱ्या, दोन्हींना ऑनलाइन क्रमिकाकोशात (पायरी ८) स्वतंत्र नंबर आहेत, आणि तिथे सर्च करताना एकीच्या जागी दुसरी टाकली की भलतंच काहीतरी हाती लागतं.

पायरी २: छोट्या संख्यांसाठी चाळणी, भागाकार नको

बहुतेक जण एकेक संख्या घेऊन तिला १, २, ३ ने भागून बघतात, त्यात फार वेळ जातो. उलटं करा. एक्सेलच्या एका कॉलममध्ये १ ते ५०० लिहा (वहीवर १ ते ६० पुरे), शेजारच्या कॉलममध्ये सगळीकडे शून्य. मग १ च्या पाढ्यातल्या सगळ्या संख्यांपुढे एक वाढवा, २ च्या पाढ्यातल्या सगळ्यांपुढे एक वाढवा, ३ च्या, ४ च्या, असं शेवटपर्यंत. काम संपलं की प्रत्येक संख्येपुढे तिच्या विभाजकांची संख्या आपोआप तयार. सिग्मा हवा असेल तर एक वाढवण्याऐवजी ज्याचा पाढा चालू आहे तीच संख्या मिळवा, म्हणजे ३ च्या पाढ्यात प्रत्येक ठिकाणी ३ मिळवायचे.

प्रोग्रॅमिंग येत असेल तर हेच दोन लूपमध्ये होतं आणि १० लाखापर्यंतच्या सगळ्या संख्यांसाठी साधारण १ कोटी ४० लाख बेरजा लागतात, आजच्या कुठल्याही लॅपटॉपला हे काहीच नाही.

तिसऱ्या कॉलममध्ये "आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा" ठेवत जा आणि चौथ्यात फक्त हो किंवा नाही. इथे लक्ष द्या, तुलना स्वतःच्या आधीच्या मॅक्सशी करायची, स्वतःला धरून काढलेल्या मॅक्सशी केली तर कडक नियमात एकही रेकॉर्ड दिसणार नाही.

या टप्प्यावर एक मजेशीर गोष्ट तपासून बघा. आपल्या जुन्या रुपयाचे १६ आणे आणि १९२ पै होत्या. १९२ ला १४ विभाजक आहेत, चांगलेच म्हणायचे, पण आधीच्या १८० लाच १८ आहेत, त्यामुळे १९२ या यादीत येत नाही. तासाची ६० मिनिटं आणि वर्तुळाचे ३६० अंश मात्र दोन्ही अस्सल रेकॉर्डवाले.

पायरी ३: मोठ्या संख्यांसाठी सूत्र

चाळणी लाखापर्यंत ठीक, अब्जात गेलं की उपयोग नाही. मग मूळ अवयव पाडा, प्रत्येक घातांकात एक मिळवा आणि सगळ्यांचा गुणाकार करा. ३६० = २^३ × ३^२ × ५ (छत्रीच्या खुणेनंतरचा आकडा म्हणजे घातांक), घातांक ३, २, १, म्हणून डी = ४ × ३ × २ = २४. कारण सोपं आहे, विभाजक बनवताना २ शून्य ते तीन वेळा घ्यायचा म्हणजे चार पर्याय, ३ चे तीन पर्याय, ५ चे दोन.

सूत्र नीट बघा, त्यात मूळ संख्या स्वतः कुठेच नाहीत, फक्त घातांक आहेत. या एका गोष्टीवर पुढची सगळी शॉर्टकट उभी आहे.

पायरी ४: उमेदवार कमी करा

समजा एखाद्या संख्येत ५ आहे पण ३ नाही, जसं २० = २^२ × ५. तर ५ च्या जागी ३ टाका, १२ मिळाले, विभाजक तेवढेच सहा पण संख्या लहान. म्हणजे २० कधीच कडक रेकॉर्ड करू शकत नाही, १२ ने ते आधीच केलंय. तसंच १८ = २ × ३^२ मध्ये मोठा घातांक मोठ्या मूळ संख्येवर बसलाय, घातांकांची अदलाबदल केली की पुन्हा १२.

तर नियम दोन. मूळ संख्या २ पासून सलग हव्यात, मध्ये एकही गाळायची नाही. आणि घातांक डावीकडून उजवीकडे वाढता कामा नये. या साच्यात बसणाऱ्या संख्या १००० पर्यंत फक्त ३९ आहेत, ३६० पर्यंत तर २७च: १, २, ४, ६, ८, १२, १६, २४, ३०, ३२, ३६, ४८, ६०, ६४, ७२, ९६, १२०, १२८, १४४, १८०, १९२, २१०, २१६, २४०, २५६, २८८, ३६०. प्रत्येकीचा डी काढा, रेकॉर्ड गोल करा, वर दिलेली यादी हुबेहूब मिळेल. ३६० संख्या तपासण्याऐवजी २७ तपासल्या आणि तरीही हा पूर्ण पुरावा आहे, अंदाज नाही.

रामानुजन यांनी आणखी एक सिद्ध केलं, शेवटच्या मूळ संख्येचा घातांक नेहमी १ असतो, अपवाद फक्त ४ आणि ३६. यादी झाल्यावर पडताळा म्हणून हे फार उपयोगी पडतं.

आता सावधानतेची गोष्ट, आणि ही मी ठासून सांगतो: हा साचा फक्त कडक रेकॉर्डसाठी आहे. बरोबरी चालणाऱ्या यादीत १०, १८, २० सगळे येतात आणि यातला एकही साच्यात बसत नाही, कारण "तेवढेच विभाजक असलेली लहान संख्या आहे" हा आक्षेप तिथे लागूच होत नाही. कुणी शॉर्टकट वापरून लार्जली कंपोझिटची यादी दिली तर ती अपुरी असणार हे धरून चाला. तिथे आधी कडक यादी काढायची आणि मग दोन रेकॉर्डच्या मधल्या सगळ्या संख्या बरोबरीसाठी तपासायच्या.

पायरी ५: एक पूर्ण उदाहरण, ५०४० नंतर पुढचं रेकॉर्ड कोणतं

५०४० = २^४ × ३^२ × ५ × ७, डी = ५ × ३ × २ × २ = ६०. पुढचं रेकॉर्ड शोधायचं तर कुठपर्यंत जायचं? दुप्पट करा. कुठल्याही संख्येच्या दुपटीला तिच्यापेक्षा जास्तच विभाजक असतात, त्यामुळे १०,०८० पर्यंत, १०,०८० ला धरून, रेकॉर्ड नक्की मोडणार. आता मूळ संख्या किती आहेत त्यानुसार वाटे पाडा.

सहा मूळ संख्या: २ ते १३ चा गुणाकारच ३०,०३०, म्हणजे रद्द.

पाच मूळ संख्या: २ × ३ × ५ × ७ × ११ = २३१०. याला साच्यात राहून वाढवायचं तर २३१० × २ = ४६२० (लहान पडला), २३१० × ४ = ९२४०. मधला २३१० × ३ साच्यात बसत नाही, त्यात ३ चा घातांक २ च्या घातांकापेक्षा मोठा होतो. ९२४० = २^३ × ३ × ५ × ७ × ११, डी = ४ × १६ = ६४.

चार मूळ संख्या: २१० च्या पटीत जा, पट २५ ते ४८. साच्यात बसणाऱ्या चारच:
६३०० (३० पट), डी ५४
६७२० (३२ पट), डी ५६
७५६० (३६ पट), डी ६४
१००८० (४८ पट), डी ७२

तीन मूळ संख्या: ३० च्या पटीत ५४००, ५७६०, ६४८०, ७२००, ७६८०, ८६४० येतात, यात सगळ्यात जास्त ८६४० चे ५६, म्हणजे ६० पर्यंत कुणीच पोचत नाही. दोन किंवा एका मूळ संख्येचं तर नावच नको, ७७७६ = २^५ × ३^५ ला जेमतेम ३६ मिळतात.

म्हणून पुढचं रेकॉर्ड ७५६०, ६४ विभाजकांसह. ९२४० लाही ६४ आहेत पण तो नंतर आला, कडक यादीत जागा नाही. मग १००८०, ७२ विभाजक. हा हिशोब एकदा हाताने केला की पद्धत कायमची डोक्यात बसते.

संगणकाला हेच सांगायचं तर असं: १ पासून सुरू कर, २ चा घातांक निवड, मग ३ चा त्याहून मोठा नसलेला निवड, मग ५ चा, मर्यादेबाहेर गेलं की मागे फिर. सगळे उमेदवार क्रमाने लाव आणि रेकॉर्ड बघत जा.

असं वाटे पाडून करायचं कारण हाताने करताना एखादा निसटतोच. खुद्द रामानुजन यांच्या यादीत ६७४६३२८३८८८०० पर्यंतच्या १०२ संख्या आहेत आणि त्यातून २९३३१८६२५६०० ही एक राहून गेली. ती आहे २^६ × ३^४ × ५^२ × ७^२ × ११ × १३ × १७ × १९, सूत्र लावून बघा, विभाजक निघतात बरोबर ५०४०. कॅल्क्युलेटर नसलेल्या काळात एवढ्या मोठ्या यादीत एकच निसटावी हे मला तरी थक्क करणारं वाटतं.

पायरी ६: बेरजेचे रेकॉर्ड

सिग्माची यादी चाळणीवरून काढा: १, २, ३, ४, ६, ८, १०, १२, १६, १८, २०, २४, ३०, ३६, ४२, ४८, ६०. यांना हायली अबंडंट म्हणतात, एस. एस. पिल्लई यांनी १९४३ मध्ये यांच्यावर लिहिलं आणि १९४४ मध्ये अलाओग्लू आणि पॉल एर्डॉश यांनी विषय पुढे नेला. यादीत १० आहे, म्हणजे ३ गाळून थेट ५. इथे पायरी ४ चा साचा चालत नाही, कारण सिग्मामध्ये मूळ संख्या स्वतः मोजल्या जातात, मोठी मूळ संख्या बेरीज वाढवते. त्यामुळे या यादीला चाळणीच बरी.

सिग्मा भागिले संख्या घेतलं की मात्र साचा पुन्हा लागू होतो (हे अलाओग्लू आणि एर्डॉश यांनी सिद्ध केलंय), आणि या रेकॉर्डवाल्यांना सुपरअबंडंट म्हणतात. तुलना करताना दशांशात जाऊ नका, तिरकस गुणाकार करा. २४ चा सिग्मा ६०, ३६ चा ९१. ९१ × २४ = २१८४ आणि ६० × ३६ = २१६०, म्हणून ३६ पुढे. दशांशात गोल करताना जवळजवळ सारखी गुणोत्तरं सारखीच दिसतात आणि चूक कळतही नाही. एक्सेल तर १५ अंकांच्या पुढे सरळ शून्य भरतं, ते पण ध्यानात असू द्या.

सुपरअबंडंटची यादी काढलीत की तुम्हाला वाटेल अरे ही तर आधीचीच यादी. १ पासून ५०४० पर्यंतचे पहिले १९ आकडे दोन्हींत अगदी तेच आहेत! विसावा आकडा वेगळा. ७५६० = २^३ × ३^३ × ५ × ७, सिग्मा = १५ × ४० × ६ × ८ = २८८००, गुणोत्तर साधारण ३.८१०. आणि ५०४० चा सिग्मा ३१ × १३ × ६ × ८ = १९३४४, गुणोत्तर ३.८३८. म्हणजे ७५६० कडे विभाजक जास्त, पण गुणोत्तर ५०४० चं मोठं. पुढचा सुपरअबंडंट १०,०८० आहे, सिग्मा ३९३१२, गुणोत्तर बरोबर ३.९. पुढे या दोन याद्या एकमेकींपासून इतक्या दूर जातात की दोन्हींत असलेल्या संख्या एकूण ४४९ च आहेत, त्यानंतर एकही सामाईक नाही.

पायरी ७: न शोधता हमखास रेकॉर्ड

मला सगळ्यात आवडणारी पायरी ही. एक धन संख्या निवडा, तिला एप्सिलॉन म्हणा, समजा ०.३. प्रत्येक मूळ संख्येचा ०.३ वा घात काढा, त्यातून १ वजा करा, १ ला त्याने भागा आणि पूर्णांक भाग तेवढा ठेवा. तो तिचा घातांक.

२ साठी: २^०.३ = १.२३११, १ भागिले ०.२३११ = ४.३३, घातांक ४.
३ साठी: २.५६, घातांक २.
५ साठी: १.६१, घातांक १.
७ साठी: १.२६, घातांक १.
११ साठी: ०.९५, घातांक ०, इथे थांबा.

२^४ × ३^२ × ५ × ७ = ५०४०. एकाही संख्येशी तुलना न करता! एप्सिलॉन ०.५ घेतला तर १२ येतात, करून बघा. अशा निघणाऱ्या संख्यांना सुपीरियर हायली कंपोझिट म्हणतात: २, ६, १२, ६०, १२०, ३६०, २५२०, ५०४०, ५५४४०, ७२०७२०... यात सगळे रेकॉर्ड येत नाहीत, पण जे येतात ते पक्के रेकॉर्ड असतात, मोठ्या यादीत टेकू म्हणून वापरता येतात. सिग्मासाठी अशाच पद्धतीने निघणाऱ्यांना कलोसली अबंडंट म्हणतात आणि त्या दोन याद्यांचे पहिले १५ आकडे सारखे. रामानुजन यांनी या दिशेचं कामही केलं होतं, पण सोसायटीची पैशाची अडचण असल्याने १९१५ च्या पेपरचा तो भाग छापला गेला नाही, तो निकोला आणि रोबँ यांनी टिपांसह १९९७ मध्ये प्रसिद्ध केला.

याच रोबँ यांचा १९८४ चा निष्कर्ष असा: ५०४० पेक्षा मोठ्या प्रत्येक संख्येसाठी सिग्मा भागिले संख्या हे १.७८१०७... गुणिले त्या संख्येच्या नॅचरल लॉगचा (कॅल्क्युलेटरवरचं ln बटण) नॅचरल लॉग, यापेक्षा लहान असेल तर रीमान हायपोथेसिस (मूळ संख्या कशा पसरल्यात याच्याशी जोडलेला, अजून सिद्ध न झालेला अंदाज) खरी, आणि हायपोथेसिस खरी असेल तर हे असणारच. तुम्ही ५०४० साठी कॅल्क्युलेटरवर करा: लॉग ८.५२५२, त्याचा लॉग २.१४३०, गुणाकार ३.८१७. गुणोत्तर ३.८३८, म्हणजे मर्यादा ओलांडली. १०,०८० साठी मर्यादा ३.९५६ आणि गुणोत्तर ३.९, आत राहिलं. ५०४० च्या पुढे मर्यादा ओलांडणारी एकही संख्या आजवर सापडलेली नाही, आणि वहीवरच्या या साध्या बेरजा गणितातल्या एवढ्या मोठ्या न सुटलेल्या प्रश्नाला जाऊन भिडतात.

पायरी ८: ओईआयएसवर पडताळा

नील स्लोन यांनी १९६४ मध्ये क्रमिका गोळा करायला सुरुवात केली, त्यातून आजचा ऑनलाइन क्रमिकाकोश (ओईआयएस) उभा राहिला. तिथे स्वल्पविराम देऊन आकडे टाका, पण सुरुवातीचे १, २, ४, ६ टाकू नका, ढीगभर उत्तरं येतील. शेवटचे सहा-सात टाका आणि त्यात ५०४० च्या पुढचे असू द्या, कारण वर बघितलंच. तुमची यादी जुळायला हव्यात ते नंबर: कडक विभाजक-रेकॉर्डची स्थानं ए००२१८२, त्यांची मूल्यं ए००२१८३, बरोबरीसकट ए०६७१२८, सिग्माचे रेकॉर्ड ए००२०९३, गुणोत्तराचे ए००४३९४, सुपीरियर ए००२२०१, कलोसली अबंडंट ए००४४९०, आणि साच्यातले उमेदवार ए०२५४८७.

जुळलं नाही तर आधी पायरी १ ची व्याख्या परत वाचा, बहुतेक वेळा चूक हिशोबात नसते, कडक की बरोबरी यात असते.

हात बसला की फक्त विषम संख्यांमध्ये रेकॉर्ड शोधा. साचा तोच, फक्त सुरुवात ३ पासून. उत्तर १, ३, ९, १५, ४५, १०५, २२५, ३१५, ९४५, १५७५, २८३५, ३४६५ असं यायला हवं. ९४५ आला की तिचा सिग्माही काढा: ४० × ६ × ८ = १९२०, म्हणजे ९४५ च्या दुपटीपेक्षा ३० ने जास्त, आणि ज्यांचा सिग्मा असा दुपटीच्या वर जातो त्या विषम संख्यांमध्ये सगळ्यात लहान हीच.